नसलेल्या स्क्वॉड्रनचे विमान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या शाळेच्या गच्चीवरून महाराजपुऱ्याच्या विमानतळाकडे उतरणारी मिराज विमाने दिसतात. १९८५ साली ही विमाने हवाई दलात आली, तेव्हापासून येथील मुलांचे कान त्यांच्या गर्जनेस सरावले आहेत. गणिताचे गुरुजी वाक्य अर्ध्यावर थांबवितात आणि गर्जना ओसरली की तेथूनच पुढे नेतात. अशा गावी आम्हां काही विद्यार्थ्यांस लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद जडला, यात नवल ते काय?

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात आम्ही मिग-२१ जातीची दोन विमाने मांडली होती. एकाच्या अंगावर २३ क्रमांकाच्या ‘पँथर्स’ या स्क्वॉड्रनचे चिन्ह होते. दुसऱ्याच्या शेपटीवर आम्ही पिवळ्या वर्तुळात आमच्या शाळेची पितळी घंटा रंगविली होती. पाहुण्या परीक्षकांनी पहिल्याचे कौतुक केले. दुसरे मात्र, “असे स्क्वॉड्रन हवाई दलात नाही,” असे सांगून स्पर्धेबाहेर ठेविले. निर्णय आम्ही मुकाट्याने मानला. परंतु मानणे निराळे आणि पटणे निराळे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांस ते खेळण्यासारखे वाटते. १:७२ या प्रमाणात मिगच्या पंखांचा सव्वासात मीटरांच्या आतला विस्तार दहा सेंटिमीटरांहूनही थोडा कमी भरतो. या मापात कुंचल्याने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर ३.६ सेंटिमीटर रुंद होईल! अर्ध्या मीटरचे चिन्ह सात मिलिमीटरांत बसवावयाचे, आणि त्यात घंटेचा लोलकही दिसला पाहिजे. सांधे काचकागदाने घासून नाहीसे करावयाचे, नाकात वजन भरावयाचे (नाही तर विमान शेपटीवर बसते, आणि आमचे पहिले विमान तसे बसलेही होते), रंगावर चकचकीत रोगणाचा हात द्यावयाचा. नाही तर पाण्यात भिजवून चिकटविलेल्या चिन्हाखाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसू लागते. पुन्हा पेटीतून येणारी चिन्हे बहुधा परक्या देशांची. केशरी, पांढरा आणि मध्यभागी हिरवा असे आपल्या हवाई दलाचे वर्तुळ आम्हांस अनेकदा स्वतःच काढावे लागले आहे. चिकटविण्यापेक्षा काढणे अवघड, हे तरी परीक्षकांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. जे नाही ते रंगविणे म्हणजे असत्य काय? आम्हांस तसे वाटत नाही. आज मान्य असलेले प्रत्येक चिन्ह एके काळी कोणी तरी प्रथम कल्पिलेच होते. शिवाय खऱ्या विमानांचे रंगही नेहमी शिस्तीच्या साच्यातून निघालेले नव्हते. १९७१ च्या युद्धात चकाकत्या धातूच्या अंगाची कित्येक मिग विमाने त्या त्या स्क्वॉड्रनमध्येच घाईघाईने रंगवून झाकण्यात आली आणि त्यामुळे ठिकठिकाणी निरनिराळे नमुने निघाले. आम्ही तर हवाई दलाचे वर्तुळ व शेपटीवरील तिरंगी पट्टी यांस जराही धक्का लावला नव्हता. केवळ घंटा आमची होती.

तथापि एका बाबतीत परीक्षक आमच्यावर रागावले असते, तर आम्ही मान खाली घातली असती. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आमच्यातील एकाने घंटेच्या विमानाच्या नाकाजवळ तीन लहान तारे रंगविले. तीन शत्रुविमाने पाडल्याची ती खूण! विमान एकदम शूर दिसू लागले आणि आम्ही सारेच क्षणभर हरखलो. मग आमच्यातील एकीने विचारले, “ही कोणी पाडली?” कोणाजवळही उत्तर नव्हते. १४ डिसेंबर १९७१ रोजी १८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों श्रीनगरावर हल्ला होत असता आपले नॅट विमान घेऊन वर गेले आणि झुंजता झुंजता पडले. हवाई दलास मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. चिन्ह कल्पिता येते; असा पराक्रम कल्पून आपल्या विमानावर डकविणे आम्हांस लाजिरवाणे वाटले. रात्री अकरा वाजता आम्ही ते तारे खरवडून काढले. त्याखालचा रंगही निघाला आणि तो डाग अद्याप दिसतो.

त्याच कारणाने आम्ही त्या विमानावर क्रमांक घातला नाही. मनात येईल तो क्रमांक घालावा, तर तो एखाद्या खऱ्या विमानाचा निघावयाचा. ते कोणी उडविले असेल, त्यातून कोणी परतले नसेल, हे आम्हांस काय ठाऊक? २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ सेवेतून निवृत्त झाले. आता या क्रमांकांस स्मृतीखेरीज दुसरे घर उरलेले नाही.

यंदा आम्ही दोन्ही विमाने पुन्हा मांडणार आहोत. घंटेच्या विमानाखाली “हे स्क्वॉड्रन काल्पनिक आहे” अशी चिठ्ठी ठेवू. ते स्पर्धेत घ्यावे की न घ्यावे, हे परीक्षकांनी ठरवावे. मात्र येताना त्यांनी भिंग आणावे, एवढीच आमची विनंती आहे. घंटेला लोलक आहे.