फाळणीला जबाबदार कोण? उत्तर पाठ करायचं की वर्गात भांडून शोधायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीईआरटीनं फाळणीवर दोन पूरक पुस्तिका काढल्या. एक सहावी ते आठवीसाठी, दुसरी नववी ते बारावीसाठी. निमित्त होतं १४ ऑगस्टच्या 'विभाजन विभीषिका स्मृती दिना'चं. या पुस्तिकांमध्ये फाळणीसाठी तिघांना जबाबदार धरण्यात आलं होतं : फाळणीची मागणी करणारे जिना, ती मान्य करणारी काँग्रेस आणि ती अमलात आणणारे माउंटबॅटन.

अपेक्षेप्रमाणे वाद झाला. काँग्रेसनं टीका केली, भाजपनं बचाव केला आणि सोशल मीडियावर दोन दिवस 'खरा गुन्हेगार कोण' यावर पोस्टी फिरल्या. पण या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीतच धरली होती. ती म्हणजे इतिहासाच्या पुस्तकानं विद्यार्थ्याला तयार उत्तर द्यायचं असतं. भांडण फक्त उत्तर कोणतं असावं, याचं होतं.

हाच प्रश्न वर्गात अगदी वेगळ्या पद्धतीनं हाताळता येतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयांमध्ये भारताच्या फाळणीवर एक खेळ खेळला जातो. त्यात विद्यार्थी स्वतःच काँग्रेस, मुस्लिम लीग, शीख, दलित आणि संस्थानिकांचे प्रतिनिधी होतात. आणि त्या खेळात फाळणी होईलच, असं नाही.

हा खेळ आहे तरी काय?

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये मार्क कार्न्स नावाचे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. नव्वदच्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या वर्गातली हुशार मुलंही कंटाळलेली असतात. त्यांनी मुलांनाच विचारलं. उत्तर मिळालं ते असं, की सगळेच तास कंटाळवाणे असतात, तुमचा जरा कमी कंटाळवाणा. या प्रामाणिक उत्तरातून 'रिअॅक्टिंग टू द पास्ट' ही पद्धत उभी राहिली. आज शेकडो महाविद्यालयांत ती वापरली जाते. २०१४ मध्ये कार्न्स यांनी तिच्यावर 'माइंड्स ऑन फायर' हे पुस्तकही लिहिलं.

पद्धत साधारण अशी. सुरुवातीच्या दोन-तीन तासांत शिक्षक त्या काळाची पार्श्वभूमी सांगतात. मग प्रत्येकाला एक भूमिका मिळते. तुम्ही कोण, तुमचा गट कोणता आणि तुम्हाला काय मिळवायचंय, हे त्यात लिहिलेलं असतं. काही उद्दिष्टं गुप्त असतात. काही विद्यार्थी कोणत्याच गटात नसतात. त्यांना आपल्या बाजूला वळवायचं, तर त्यांना पटेल असं बोलावं लागतं. त्यानंतरचे काही आठवडे वर्ग विद्यार्थीच चालवतात. शिक्षक मागच्या बाकावर बसतात, नियम सांभाळतात, कुणी इतिहासाला सोडून बोललं तर चिठ्ठी पाठवतात. भाषणं करायची, लेख लिहायचे, तह करायचे, मतं फोडायची.

नाटकाशी याचं नातं वरवरचं आहे. नाटकात संवाद लिहिलेले असतात, इथे ते मूळ कागदपत्रं वाचून आपणच तयार करावे लागतात. अथेन्सच्या खेळात सॉक्रेटिस निर्दोषही सुटू शकतो. १७९१ च्या फ्रान्सच्या खेळात राजा टिकूही शकतो. शेवटच्या तासाला मात्र भूमिका उतरवून ठेवायच्या असतात आणि प्रत्यक्षात काय घडलं, आपल्याकडे वेगळं का घडलं, यावर चर्चा होते.

शिमला, १९४५

भारतावरचा खेळ कार्न्स यांनी एन्स्ली एम्ब्री यांच्यासोबत लिहिला. एम्ब्री हे कोलंबिया विद्यापीठातले भारताचे अभ्यासक. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्यांनी इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकवलं होतं. खेळासोबतच्या वाचनात गांधी, नेहरू, जिना, इक्बाल आणि टागोर तर आहेतच, टिळक आणि आंबेडकरही आहेत. म्हणजे तिकडच्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीला टिळकांचा राष्ट्रवाद वाचून तो भर सभेत मांडावा लागतो. आपल्याकडे किती पदवीधरांनी टिळकांचं मूळ लिखाण उघडून पाहिलं असेल, हा प्रश्न इथे न विचारलेलाच बरा.

खेळाची जागा आहे शिमला. २५ जून १९४५ रोजी व्हाइसरॉय वेव्हेल यांनी तिथे भारतीय नेत्यांची परिषद बोलावली. प्रस्ताव असा होता, की व्हाइसरॉय आणि सरसेनापती सोडून कार्यकारी मंडळातले सगळे सदस्य भारतीय असतील. त्यात सवर्ण हिंदू आणि मुस्लिम यांना समान जागा असतील. जिनांनी अट घातली : मुस्लिम सदस्यांची नावं फक्त मुस्लिम लीगच देणार.

शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण एका वाक्यात संपतं : जिनांच्या हट्टामुळे परिषद फसली. पण भूमिका घेऊन त्या टेबलाशी बसलं, की त्या एका अटीच्या पोटात काय काय होतं, ते दिसू लागतं. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. जिनांची अट मानली असती, तर काँग्रेसला आपल्या अध्यक्षाचंही नाव देता आलं नसतं. दुसरीकडे पंजाबचे पंतप्रधान खिज्र हयात तिवाना हे मुस्लिम होते, पण लीगचे नव्हते. हिंदू, मुस्लिम आणि शीख यांना सोबत घेणाऱ्या युनियनिस्ट पक्षाचे ते नेते. त्यांच्या पक्षाला एक जागा दिली, तर 'सर्व मुस्लिमांच्या वतीनं लीगच बोलते' हा जिनांचा दावा कोसळतो. नाही दिली, तर पंजाबात लीगला रोखून धरणारा माणूस एकटा पडतो.

अनुसूचित जातींच्या बाजूनं परिषदेत एन. शिवराज होते. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्याच कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. शिखांचे प्रतिनिधी मास्टर तारासिंग. गांधीजी शिमल्यात होते, पण अधिकृत प्रतिनिधी म्हणून परिषदेत बसले नाहीत.

आता समजा, एखाद्या मुलाला जिनांची भूमिका मिळाली. त्याला खलनायक रंगवून चालत नाही, कारण त्याला मतं जिंकायची आहेत. त्यासाठी १९४० चा लाहोर ठराव वाचावा लागतो. तिथे त्याला पहिला धक्का बसतो. त्या ठरावात 'पाकिस्तान' हा शब्दच नाही. मग नेमकं काय मागितलं होतं? सीमा कुठे असणार होत्या? पंजाबातल्या शिखांचं काय? हे प्रश्न समोरच्या बाकावरून येतात आणि त्याला उत्तरं शोधावी लागतात. जिनांशी सहमत व्हावं लागत नाही. पण 'फाळणीची मागणी' म्हणून एका ओळीत सांगितली जाणारी गोष्ट १९४५ मध्ये किती धूसर होती, हे त्याला कळतं. काँग्रेसच्या गटातल्या मुलीलाही कळतं, की 'सगळ्या भारताच्या वतीनं आम्हीच बोलतो' हे वाक्य समोरच्या चार गटांना कसं ऐकू येतं.

पुस्तिका वाचणारं मूल १९४७ मध्ये उभं राहून मागे पाहतं. खेळणारं मूल १९४५ मध्ये उभं राहून पुढे पाहतं, आणि पुढचं त्याला ठाऊक नसल्यासारखं वागावं लागतं. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे.

मग यात खोट काय?

पहिली खोट इतिहासाचीच. खरी शिमला परिषद कार्यकारी मंडळाच्या जागांपुरती होती. खेळात तिथेच अख्ख्या देशाचं भवितव्य ठरतं. दोन-अडीच वर्षांच्या घडामोडी एका टेबलावर आणायच्या, तर हे करावंच लागतं. पण त्यामुळे फाळणी ही दहा-वीस पुढाऱ्यांनी खोलीत बसून ठरवलेली गोष्ट वाटू शकते. १९४५-४६ च्या निवडणुका, नौदलाचा उठाव, कोलकाता आणि नोआखालीतला हिंसाचार या टेबलावर मावत नाही. एनसीईआरटीच्या पुस्तिकेत तीन जबाबदार, खेळात वीस. माणसं वाढली तरी रस्त्यावरचा माणूस दोन्हीकडे बाहेरच राहतो.

दुसरी खोट अधिक गंभीर. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका खासगी शाळेत पाचवीच्या वर्गात गुलामांच्या लिलावाचा 'अभिनय' झाला. शिक्षिकेनं कृष्णवर्णीय मुलांना गुलाम केलं, बेड्या असल्याचं भासवायला लावलं आणि बाकीच्या वर्गासमोर त्यांचा लिलाव पुकारला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली, शिक्षिकेची नोकरी गेली. अमेरिकेत असे प्रकार इतरही ठिकाणी घडले आहेत.

'रोल-प्ले वाईट' असा याचा अर्थ काढणं सोपं आहे. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. शिमल्याच्या खेळात प्रत्येकाच्या हातात युक्तिवाद असतो आणि निर्णयावर परिणाम करण्याची संधी असते. लिलावाच्या 'खेळात' ज्यांना गुलाम केलं, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. भूमिकाही त्यांच्या कातडीच्या रंगावरून ठरली होती. तिथे शिकण्यासारखं एकच होतं : अपमान कसा वाटतो. आणि तो त्या मुलांना शिकवायची गरज नव्हती.

आपल्याकडे हा धोका अमेरिकेपेक्षा कमी नाही. वर्गातल्या एकमेव मुस्लिम मुलाला जिना करायचं? आडनाव बघून अनुसूचित जातींचा प्रतिनिधी निवडायचा? सकाळी वर्गात कुणी लीगच्या बाजूनं बोललं आणि संध्याकाळी त्याची तीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरली, तर? भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटणं आणि मोबाइल वर्गाबाहेर ठेवणं, हे इथे खेळाच्या नियमांइतकंच महत्त्वाचं आहे.

पुरावा काय सांगतो?

२००९ मध्ये 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'त या पद्धतीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळ खेळलेल्या विद्यार्थ्यांचं बोलून मुद्दा मांडण्याचं कौशल्य सुधारलं, आत्मसन्मान आणि सहानुभूती वाढली. लेखनात मात्र इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत फरक दिसला नाही. अभ्यास बर्नार्डशी संबंधित संशोधकांचाच होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आणखी एक निष्कर्ष रंजक आहे. सगळं काही आपल्या हातात नसतं, अशी जाणीव या विद्यार्थ्यांमध्ये वाढलेली दिसली. ज्याची उत्तम योजना ऐन मतदानात कुणी फोडली असेल, त्याला याचं नवल वाटणार नाही.

चॅटजीपीटी आल्यापासून या पद्धतीला नवं महत्त्व आलंय. घरून लिहून आणलेला निबंध कुणी लिहिला, हे सांगता येत नाही. भाषणही एआयकडून लिहून घेता येईल. पण समोरचा 'ठरावात पाकिस्तान शब्द कुठाय?' असं विचारतो, तेव्हा उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं.

महाराष्ट्रात हे जमेल का?

इतिहास अंगावर घेऊन जगायची हौस आपल्याकडे कमी नाही. दिवाळीत किल्ले बनतात, शिवजयंतीला गल्लोगल्ली मावळे आणि जिजाऊ दिसतात, गॅदरिंगमध्ये अफझलखानाचा वध ठरलेला असतो. पण ते स्मरण आहे, तिथे शेवट बदलत नाही आणि बदलावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. या पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाते ती शाळा-महाविद्यालयांतली युवा संसद. मात्र तिथेही बऱ्याच ठिकाणी प्रश्नोत्तरं आधीच लिहून, तालीम करून बसवलेली असतात.

राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'खेळ आणि इतिहास' असा एक अख्खा धडा आहे. तो खेळांच्या इतिहासावर आहे, खेळातून इतिहास शिकण्यावर नाही. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका आणि 'कारणे लिहा', 'टिपा लिहा' यांची तयारी. यातून शिमल्यासाठी महिनाभर काढणं कुठल्याही शिक्षकाला परवडणारं नाही.

पण तीन तासिकांचा खेळ शक्य आहे, आणि विषयासाठी शिमल्याला जायचीही गरज नाही. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला. मग मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात अशा तीन राज्यांची कल्पना पुढे आली. साठ मुलांचे सहा गट करता येतील : संयुक्त महाराष्ट्रवादी, विदर्भवादी, मुंबईतले व्यापारी, गिरणी कामगार, महागुजरातवादी आणि दिल्लीचं सरकार. मुंबई कुणाची, हे त्यांना ठरवू द्यावं. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार मात्र 'खेळायचा' नाही. तो शेवटच्या तासाला सांगायचा.

शिमल्याच्या खेळातही शेवटच्या तासाला खरं काय घडलं, ते सांगितलं जातं. १४ जुलै १९४५ रोजी परिषद गुंडाळताना वेव्हेल यांनी ना जिनांना दोष दिला, ना काँग्रेसला. अपयशाची जबाबदारी माझी, असं त्यांनी सगळ्या नेत्यांसमोर सांगितलं. एनसीईआरटीच्या तिघांमध्ये त्यांचं नाव नाही.