विश्लेषण : बुरशी-जिवाणूंच्या झुंजीतून नवी औषधे मिळतील?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नव्या प्रतिजैविकांचा शोध मात्र मंदावला आहे. त्यामुळे बुरशी आणि जिवाणू एकत्र वाढवण्याच्या ‘सहसंवर्धन’ पद्धतीकडे संशोधक वळले आहेत.

एकत्र का वाढवायचे?

बुरशीच्या जनुकांत अनेक रसायनांची कृती दडलेली असते. प्रयोगशाळेत मुबलक अन्न मिळते, प्रतिस्पर्धी नसतो. त्यामुळे यातील बरीच जनुके निद्रिस्त राहतात. मातीत मात्र जागेसाठी आणि अन्नासाठी झुंज असते. शेजारी जिवाणू आला की काही जनुके जागी होतात.

पुरावा काय?

२००९ मध्ये जर्मनीतील येना येथील संशोधकांनी ‘अ‍ॅस्परजिलस निड्युलान्स’ ही बुरशी मातीतील ५८ जिवाणूंसोबत वाढवून पाहिली. ऑर्सेलिनिक आम्लाची निद्रिस्त जनुके त्यापैकी एकाच जिवाणूने जागी केली, तीही प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर.

अडचण कुठे?

योग्य जोडी सापडणे हेच कठीण. त्यात अनेकदा हाती येते ते आधीच माहीत असलेले संयुग. २००१ मध्ये सागरी बुरशी आणि जिवाणूच्या सहसंवर्धनातून मिळालेल्या ‘पेस्टालोन’ने मोठी आशा दाखवली होती, पण पुढे प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेस्टालोनचा प्रभाव मूळ दाव्यापेक्षा बराच कमी निघाला.

म्हणजे ही पद्धत चमत्कार नव्हे. पण निसर्गाचे भांडार रिकामे झालेले नाही, हे तिने दाखवून दिले. ते उघडायचे तर संशोधनाला दीर्घकाळ सार्वजनिक निधी द्यावाच लागेल.