बखाला न मिळालेले उत्तर

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला आलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून प्रवेशासाठी चाललेला सत्याग्रहही याच परिषदेत थांबवायचे ठरले. दार उघडा म्हणून पाच वर्षे मागणी केलेल्या माणसांनी त्या दाराकडे पाठ फिरवली.

त्याच वर्षी मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. शौचकूप साफ करणाऱ्या बखाचा एक दिवस, एवढीच तिची गोष्ट. रस्त्यात चुकून एकाला धक्का लागतो, भोवती गर्दी जमते, शिव्या दिल्या जातात, थोबाडीत बसते आणि हातातली जिलबी मातीत पडते. शेवटी बखाच्या कानावर तीन उपाय येतात: मिशनऱ्याचा येशू, गांधीजींचे भाषण आणि मैला आपोआप वाहून नेणारे यंत्र. तिन्ही वेळा बोलतात दुसरेच. बखा ऐकतो. येवल्यात मात्र ज्याने अस्पृश्यता स्वतः सोसली, तोच बोलला. बखाला न मिळालेले ते चौथे उत्तर होते, आणि कादंबरीचे मोठेपण मान्य करूनही हा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या गुलामांची दुःखे आपल्या दुःखांशेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला जोतीराव फुल्यांनी दिली. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यानंतर नव्वद वर्षांनी आपल्याच एका माणसाने आपली गोष्ट लिहिली. काळाराम सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी नाशिकजवळ विहितगावला बाबुराव बागूल जन्मले. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. जात कळते तेव्हा मार पडतो. ‘चोरली’ या एका शब्दात बागुलांनी सगळा आरोप उलटा फिरवला आहे. माणसासारखे राहायला ज्याला चोरी करावी लागते, त्याचे आधी काय चोरले गेले होते?

आजही खोली भाड्याने मागायला गेलेल्या मुलाला आधी आडनाव विचारतात. त्यावरून जात उमगली नाही, तर गाव. मग आहार. येवल्याच्या प्रत्येक शाळेत दर १३ ऑक्टोबरला बागुलांची ही कथा मोठ्याने वाचली जावी, आणि वाचून झाल्यावर मुलांना थोडा वेळ बोलू द्यावे.