लोखंडगावच्या बायका

या पावसाळ्यात पाय मुरगळला आणि तीन आठवडे चंद्रपूरच्या घरी पडून राहावे लागले. गडचिरोलीच्या फेऱ्या बंद, बैठका बंद. आठवीतली नात मोबाइल घेऊन उशाशी येऊन बसायची. "आजी, वर्तमानपत्र पुरे झालं, कार्टून बघ."

कार्टून म्हणजे पोरांना गप्प बसवायचे साधन, एवढेच मी समजत होते. पाठ्यपुस्तकातली आई स्वयंपाकघरात आणि बाबा कचेरीत का, यावर आपण किती शिबिरे घेतली! पण पोरी रोज तासन् तास जे पाहतात, त्याकडे आपले लक्षच गेले नाही.

एकदा गेले होते, हेही सांगायला हवे. नव्वदच्या दशकात युनिसेफची 'मीना' आली. मुंबईच्या राममोहन यांनी ती चितारली होती. भाड्याचा व्हीसीआर घेऊन आम्ही ती गावोगाव दाखवत असू. आंब्याची मोठी फोड भावाला, लहान मीनाला; मग एक दिवस दोघे कामांची अदलाबदल करतात आणि राजूची दमछाक होते. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसून झाल्यावर एखादी हळूच म्हणायची, "आमच्याकडे तर फोडही नाही, कोयच."

मीनानंतर पोरींच्या वाट्याला आली ती 'छोटा भीम'मधली चुटकी. २००८ पासून ही मालिका चालू आहे. भीम लाडू खातो आणि राक्षसाला लोळवतो; चुटकीच्या आईचे मिठाईचे दुकान, आणि लाडू पुरवायचे काम चुटकीचे. २०२० साली भीमाचे लग्न राजकन्या इंदुमतीशी झाले अशी आवई उठली आणि चुटकीला न्याय द्या म्हणून समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. शेवटी ही सगळी अजून लहान मुले आहेत, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. नऊ वर्षांच्या पोराचे लग्न कोणाशी, यावर भांडण. लग्नच कसे, हे फार थोड्यांनी विचारले. गंमत म्हणून सोडून द्यावे म्हटले तरी मला ते सोडवत नाही.

डिस्नेचे १९६७ चे 'जंगल बुक'ही पाहिले. मोगलीचे शिवनीचे जंगल आपल्यापासून फार दूर नाही. त्यात माणसाची मुलगी दिसते ती शेवटी, पाणी भरताना. ती जंगलाच्या काठावरूनच परत फिरते. आमच्याकडे काठावर थांबून कोणाचे भागते? मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला बायकाच आत जातात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोगलीच्या गोष्टीत त्या कुठेच नाहीत.

मग नातीने 'प्रिन्सेस मोनोनोके' लावला. हायाओ मियाझाकी यांचा १९९७ चा जपानी चित्रपट. त्या दिवशी मी पाय दुखायचा विसरले.

सान ही लांडगीने वाढवलेली मुलगी. जंगल तोडणाऱ्यांवर ती तुटून पडते. समोर एबोशी ही बाई. तिने डोंगर बोडका करून लोखंडाच्या भट्ट्यांचे गाव वसवले आहे. आपल्या नेहमीच्या हिशेबाने ही खलनायिका व्हायला हवी. पण तिच्या भट्टीचे भाते चालवणाऱ्या बायका तिने कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या आहेत. त्या चार-चार दिवस भाता दाबतात, पण मान वर करून बोलतात. टोकी नावाची एक तर सगळ्यांदेखत नवऱ्याची खरडपट्टी काढते. ज्यांना जगाने टाकले त्या कुष्ठरोग्यांना एबोशीने जवळ केले, त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. इथे मला वरोऱ्याचे आनंदवन, बाबा आणि साधनाताई आमटे आठवले. आणि हीच बाई कुष्ठरोग्यांकडून बंदुका बनवून घेते आणि वनदेवावर गोळी झाडते.

मी ज्या बैठकीपासून पळत होते, तीच हा चित्रपट माझ्यापुढे घेऊन आला.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाची खाण जोरात सुरू आहे. मध्यंतरी त्या भागातल्या एका गावात मी खाणीविरुद्ध बोलत होते. एक तरुण बाई उठली. "ताई, तेंदूचा पैसा उन्हाळ्यातले दोन आठवडे. खाणीच्या खानावळीतला पगार दर महिन्याले माह्या खात्यात पडते. नवऱ्याच्या नाही, माह्या." तिच्याच शेजारी बसलेली म्हातारी माडिया बाई बऱ्याच वेळाने बोलली. "डोंगर गेला तर ठाकूरदेवाला कुठं बसवायचं?" मी दोघींना मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. आपण कार्यकर्त्या असे किती विषय पुढे घेतो!

चित्रपटात मला एक गोष्ट खटकली. एबोशी दोन विधवांना बंदुका देऊन सानसमोर उभी करते, कारण त्यांचे नवरे लांडग्यांनी मारलेले. सिंदेवाहीची आठवण असल्याने त्या विधवांचा राग मला कळतो. सानचाही कळतो. पण या बायका एकमेकींना आव्हान देतात, वार करतात, बोलत नाहीत. दोन्हीकडे ये-जा करायला, समजूत घालायला आशिताका हा तरुण लागतो. वनदेवाचे मुंडके मात्र हवे असते सम्राटाला, अमर व्हायला, आणि लोखंडावर डोळा असतो सामुराईंचा. ते डोंगरावर राहत नाहीत, भाताही दाबत नाहीत. या दोन बाजूंच्या बायका समोरासमोर बसल्या असत्या, तर पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल निघाला असता, असे मला वाटते. आमच्या गावात तर त्या दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांना बोलू न देणारी मी होते.

नातीने विचारले, "तू कोणाकडून, आजी?" मी म्हटले, "तू सांग." तिला टोकी आवडली होती.

पुढच्या महिन्यात एटापल्लीला किशोरींचे शिबिर आहे. तिथे हा चित्रपट दाखवायचा आहे. भाषेची अडचण येईल. थांबवून थांबवून सांगावे लागेल. त्या दोघींनाही निरोप धाडला. म्हातारी येते म्हणाली. दुसरीने विचारले, पिच्चर किती तासांचा आहे, तिला दोनच्या शिफ्टला जायचे असते. सव्वादोन तासांचा आहे. सकाळी लवकर सुरू करू म्हणून कळवले आहे.