डेडस्टॉक

गेल्या वर्षी याच पानावर मी बाटल्यांच्या 'फांड'बद्दल लिहिलं, तेव्हा मंडळाच्या कोजागिरीला तिघांनी मला रिकाम्या बाटल्या आणून दिल्या. यंदा विषय सूक्ष्मदर्शकाचा आहे. कृपया कुणी काही आणू नये.

आमच्या विद्यापीठात (राज्य नीडरझाक्सन, एवढंच पुरे) उन्हाळ्यात एक जुनी प्रयोगशाळा रिकामी करायची होती. कपाटात चौदा सूक्ष्मदर्शक निघाले. झाइस, येनाचे, पूर्व जर्मनीच्या काळातले, खाली आरसा लावलेले. वीज नाही, कॅमेरा नाही. विद्यार्थी आता पडद्यावर बघतात, त्यामुळे यांना कुणी हात लावत नव्हतं. बॉस म्हणाला, "काढून टाक." इथे काढून टाकण्याला 'आउसझोंडरुंग' म्हणतात, आणि त्याचा एक फॉर्म असतो.

मला लगेच अण्णांचं कॉलेज आठवलं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, जिथे अण्णांनी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. म्हटलं, दोन-चार तिकडे पाठवू. मी उत्साहात इन्व्हेंटरीच्या बाईंकडे गेलो. साठीच्या जवळ आलेल्या बाई, टेबलावर निवडुंग. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पॅराग्राफ त्रेसष्ट."

राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कायद्यातलं हे 63 वं कलम. केंद्राच्या कायद्यातही त्याच क्रमांकाला हाच नियम आहे. सरकारी मालमत्ता विकायची तर नजीकच्या काळात ती सरकारच्या कामाला लागणार नसली पाहिजे, आणि विकायची ती पूर्ण किमतीला. फुकट द्यायचं तर अपवाद काढावा लागतो, आणि त्याचा मान अर्थखात्याचा. म्हणून आधी विद्यापीठात सगळ्या विभागांना विचारायचं, कुणाला हवं आहे का. नाही म्हणाले तर लिलाव. हा लिलाव जर्मन कस्टम्स खातं इंटरनेटवर चालवतं, नाव 'त्सोल-आउक्त्सिओन'. जप्त केलेली घड्याळं, नगरपालिकेचा जुना अग्निशामक बंब, विद्यापीठाच्या खुर्च्या, सगळं एकाच दुकानात. माल जसा आहे तसा, आणि पुष्कळदा न्यायचा स्वतः येऊन. केंद्र सरकारची आणखी एक कंपनी आहे, फ्रांकफुर्टची 'फेबेग', ती लष्कराच्या गाड्यासुद्धा विकते. रविवारी संध्याकाळी वेळ जात नसेल तर याद्या बघत बसा, टीव्हीपेक्षा बरं.

"मग मीच विकत घेतो," मी म्हणालो. बाईंनी चष्मा काढला. "पॅराग्राफ सत्तावन्न." सरकारी नोकराने आपल्याच कार्यालयाशी व्यवहार करायचा नाही, परवानगीशिवाय. मात्र खुल्या लिलावाला ही अट नाही. "बोली लावायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. पण मालाचं वर्णन मी लिहीन, तुम्ही नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण अण्णा.

आपल्याकडे ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, कागदोपत्री 'जड वस्तू संग्रह नोंदवही', ते अण्णांच्या ताब्यात असायचं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, आमच्या घरच्या पोथीपेक्षा जास्त जपलेलं. त्यात चढलेली वस्तू मोडली तरी खाली उतरत नाही. ती उतरवायला निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे समिती बसावी लागते, सह्या व्हाव्या लागतात. अण्णांकडचा एक सूक्ष्मदर्शक पडून दुभंगला. त्यांनी प्रस्ताव लिहिला. दरवर्षी लिहिला. समिती बसली नाही. तुकडे पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले, वर चिठ्ठी लावली. मग एका मे महिन्याच्या सुट्टीत रंगकाम झालं आणि रंगाऱ्यांनी माळा साफ केला.

2004 साली अण्णा निवृत्त झाले. चार्ज देताना मोजणी झाली आणि एक नग कमी भरला. ना-देय दाखला अडला, दाखल्यामुळे पेन्शन अडलं. अकरा महिने. माझी पुण्यात शेवटच्या वर्षाची फी होती. आईच्या पाटल्या तेव्हा गेल्या. माझ्या जर्मनीच्या तिकिटासाठी गेल्या असं नातेवाइकांना सांगितलं गेलं, आणि काही जण अजून तसंच समजतात. म्हणून इथे लिहिलं. शेवटी अण्णांनी किंमत भरली, जी वस्तू पंचवीस वर्षांपूर्वी मोडली होती तिची, आणि पावती घेतली.

एवढं होऊनही मी अण्णांसमोर नियमांना शिव्या देऊ शकत नाही. ते लगेच दिल्लीचं उदाहरण काढतात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने 1968 साली कॅनडाहून एक गॅमा किरणांचं यंत्र आणलं होतं. 1985 पासून ते वापरात नव्हतं. 2010 च्या फेब्रुवारीत इतर सामानाबरोबर लिलावात गेलं ते मायापुरीच्या भंगारवाल्यांकडे. आत कोबाल्ट-60 होतं. शिशाचं कवच मिळावं म्हणून त्यांनी ते फोडलं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली, कातडी काळी पडली, केस गेले; त्यांतला एक कामगार वारला. अण्णांनी ते कात्रण नोंदवहीसारखं जपलंय. "एका ठिकाणी समिती बसत नाही," ते म्हणतात, "एका ठिकाणी बसते आणि काय विकतोय ते बघत नाही." ऐकून मी गप्प बसतो.

तर लिलाव. बाईंनी वर्णन लिहिलं, इतकं प्रामाणिक की वाचून कुणी घेऊ नये: दोन भिंगांवर बुरशी, एकाचा स्क्रू नाही. चौदांचे तीन लॉट केले. पहिल्या दोन लॉटना मी बोली लावली आणि दोन्ही वेळा शेवटच्या मिनिटात कुणीतरी माझ्यावर चढलं. बायको म्हणाली, एवढ्यात नवीन येतो. येतो. तिसऱ्या लॉटमध्ये बुरशीवाले दोनच होते, ते 61 युरोला मिळाले. मंगळवारी मी माझ्याच इमारतीच्या तळघरात पावती दाखवून माझ्याच हाताने कपाटात ठेवलेले सूक्ष्मदर्शक ताब्यात घेतले. बाईंनी इन्व्हेंटरीचा बिल्ला खरवडून काढला, यादीत रेघ मारली, सही केली. सगळं मिळून चार मिनिटं. ती रेघ बघताना मला जरा बसावं लागलं.

सप्टेंबरात एक सूक्ष्मदर्शक स्वेटरमध्ये गुंडाळून साताऱ्याला नेला. दुसऱ्यातलं चांगलं भिंग काढून यात बसवलं होतं. अण्णांनी आधी नळी उचलली नाही, बूड उलटं करून बघितलं. "नंबर कुठाय?"

"काढला, अण्णा. खोडलाय तिकडे."

"कागद?"

मी कागद दिला. जर्मन त्यांना येत नाही, पण सही, शिक्का आणि तारीख कुठल्याही भाषेत त्यांना वाचता येते. मग मी म्हणालो, हा तुमच्या कॉलेजला तुमच्या नावाने देऊ. प्राचार्यांशी मी फोनवर बोललोही होतो. आनंदाने घेऊ म्हणाले, फक्त रजिस्टरला चढवायला किंमत कळवा.

"नको," अण्णा म्हणाले. "चढवला की कुणाच्या तरी नावावर पडणार. तिथे आता जो पोरगा आहे, त्याचं लग्न व्हायचंय अजून."

तो आता आमच्या ओट्यावरच्या खिडकीत आहे, उजेडाच्या बाजूला. शेजारची मुलं शाळेतून आली की अण्णा कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवतात आणि आरसा फिरवून देतात. कागद खालच्या खणात, त्या जुन्या पावतीच्या पाकिटात आहे.