एका दिवसाची मुंबई

मे महिना लागला की रात्रीच्या एस.टी.ने कुटुंबेच्या कुटुंबे मुंबई पाहायला निघतात. गेटवे, घारापुरी, राणीचा बाग, हँगिंग गार्डन आणि शेवटी चौपाटी, सारे एका दिवसात! परतल्यावर निम्मे घर दवाखान्यात येते आणि दोष मुंबईच्या पाण्याला दिला जातो. माझ्या मते बरेचदा खरा दोष आपल्या यादीचा असतो.

वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्यात लघवी कोंडून धरणे म्हणजे मूत्रमार्गाच्या दाहाला आमंत्रणच. मधुमेही आजोबा गोळी वेळेवर घेतात, जेवण मात्र तीन वाजता! मग दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात. ही नुसती दमणूक समजू नये; रक्तातील साखर उतरल्याची ती खूण असू शकते. शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी द्यावे. घारापुरीच्या शंभरावर पायऱ्या भर दुपारी चढण्याचा हट्टही नको.

दोनच ठिकाणे ठरवा. एक सकाळी, एक उन्हे कलल्यावर. मधली वेळ जेवणाला आणि सावलीला द्या. राहिलेली मुंबई कुठे पळून जात नाही.