मुखवट्यांची मंडळी

आमच्या पिढीची चित्रकथा म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ साली ती निघू लागली. मुखवटा घातलेला फँटम दुष्टांना ठोसे लगावी, शेवटच्या पानावर न्याय होई आणि आम्ही निमूटपणे पाढे म्हणायला बसत असू.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नंदुरबारला आलेल्या भाच्याने 'वॉचमेन' नावाचा जाडजूड ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. "बँकेच्या रखवालदारांवर एवढे मोठे पुस्तक?" ही आमच्या सौभाग्यवतींची शंका.

ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही कथा १९८६-८७ मध्ये १२ अंकांतून आली. पानावर बहुधा नऊ चौकटी. गंमत अशी की, फुग्यांतले बोलणे वाचून झाले तरी पान संपत नाही. भिंतीवरची जाहिरात, वर्तमानपत्राचा मथळा, घड्याळाचा काटा, सारेच काही ना काही सांगत असतात. पाचव्या प्रकरणाचे पहिले पान आणि शेवटचे पान तर आरशासमोर धरल्यासारखी जुळतात. पंधरा पाने वाचायला मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि ती फुकट गेली असे मुळीच वाटले नाही.

यातले वीर मात्र फँटमच्या गोत्रातले नव्हेत. शाईच्या डागांचा मुखवटा घालणारा रॉर्शाक स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश. तो मला आवडू लागला, आणि वाचकहो, त्याचीच धास्तीही वाटली. उद्या असा मनुष्य रात्री आमच्या गल्लीत फिरू लागला, तर दाद कोणाकडे मागायची?

आमच्या गावाला वीर म्हटले की शिरीषकुमार मेहता आठवतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला, तेव्हा अवघा १५ वर्षांचा होता. हातात तिरंगा, चेहरा उघडा.

"पण मामा, तो हरलाच ना?" भाच्याने विचारले.

"त्याने कोणावर हात उचलला नव्हता," मी म्हणालो, आणि त्याच्याच पुस्तकातले एक पान उघडले. त्या कथेत रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वर्तमानपत्रवाला आहे. त्याच्या ठेल्याशी बसून एक पोरगा रोज फुकटात चित्रकथा वाचतो आणि हा कुरकुरतो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी मृत्यू अंगावर येतो, तेव्हा तोच त्या पोराला कवेत घेतो. ना मुखवटा, ना कसली शक्ती.

भाच्याने हे पुस्तक तीनदा वाचलेले. त्या चौकटीवर वाकून तो बराच वेळ पाहत राहिला.

"याच्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते," म्हणाला, आणि पुस्तक माझ्या हातून काढून घेऊन आत गेला.